घुंगऱ्या राक्षसाचं डोकं

काजलच्या कादंबरीचं अकरावं प्रकरण ऐकून पोरांनी टाळ्या पिटल्या. टाळी वाजवली नाही ती एकट्या सीमाने.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या कोरीट गावातल्या दूध डेअरीची मागची खोली शनिवारपुरती मागून घेतली. दुपारी दहा-बारा मुलं जमतात. ज्याने काही लिहिलं असेल त्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रत्येकाला दर शनिवारी सुरुवातीला तीन चिंचोके मिळतात. वाचणाऱ्याला थांबवायचं असेल तर मधल्या ताटलीत एक चिंचोका टाकायचा आणि एक वाक्य बोलायचं. एका चिंचोक्याला एकच वाक्य. वाचणाऱ्याने त्यावर काही बोलायचं नाही. उत्तर द्यायचं ते पुढच्या शनिवारी. उत्तराची घाई झालेला माणूस ऐकत नाही, हे मी पस्तीस वर्षांत बहुतेक स्वतःवरूनच शिकलो.

काजल पाटील नववीत आहे. तिची कादंबरी अद्भुत प्रकारातली. पुण्याच्या एका प्रकाशनाने मुलांनी मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या मागवल्या होत्या, एकतीस मार्चपर्यंत टपालात पडायला हव्या होत्या, आणि निवडलेल्या कादंबरीचं पुस्तक निघणार होतं. काजलला ते पुस्तक हवं होतं. इतकं हवं होतं, की मुखपृष्ठावर आपलं नाव कुठे येईल तेही तिने वहीवर आखून ठेवलं होतं.

सुरुवातीला तिची गोष्ट एका बर्फाच्या किल्ल्यात घडायची. नायकाचं नाव काहीतरी परदेशी होतं आणि तो घोड्यावरून फिरायचा. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी ललितने चिंचोका टाकला आणि विचारलं, "काजल, तू बरफ कोठे देखा?" काजल आठवडाभर फुगून बसली. मग तिने किल्ला पाडला आणि केळीच्या बागांचं एक राज्य उभं केलं. नायकाच्या जागी केसर नावाची मुलगी आली. घोडा गेला आणि ढगी नावाची उडणारी म्हैस आली. ती उडताना रवंथ करते. पोरं त्या म्हशीवर फिदा झाली. आपल्यासारखी पोर, आपल्यासारखं गाव आणि आपल्यासारखी म्हैस गोष्टीत येऊ शकते, हे कळल्यावर ललितसुद्धा लिहायला लागला.

आता अकरावं प्रकरण. केसर ढगीवर बसून डोंगरात जाते. तिथे घुंगऱ्या राक्षस राहतो. त्याच्या डोक्यावर मोराच्या पिसांचा चार हात उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे. तो चालला की डोंगर खुळखुळतो. केसर वरून झेप घेते आणि एका घावात त्याचं डोकं उडवते. पिसं आभाळभर होतात. काजलने ते वाचलंही असं, की मलासुद्धा टाळी वाजवावीशी वाटली.

टाळ्या थांबल्यावर सीमाने ताटलीत पहिला चिंचोका टाकला. आठ महिन्यांत तिने एकही खर्चला नव्हता.

सीमा पावरा ही आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंची, रमिलाबाईंची मुलगी. गाव धडगावच्या पलीकडे, सातपुड्यात; आईच्या बदलीमुळे आठ महिन्यांपूर्वी ती कोरीटला आली. घरी पावरी बोलते. आमच्या पोरांची अहिराणी तिला कळते, पण बोलायला अजून लाजते. म्हणून आमच्याशी ती पुस्तकातल्यासारखी स्वच्छ मराठी बोलते.

"हा माझा बाप आहे," ती म्हणाली.

पोरं खो-खो हसली. त्यांना वाटलं, हिने पहिल्यांदाच गंमत केली.

दुसरा चिंचोका पडला. "होळीला माझा बाप बुध्या होतो, तेव्हा हाच टोप घालतो, हेच ठिपके काढतो आणि सगळ्या गावासाठी नाचतो."

आता कोणी हसेना. काजलने तोंड उघडलं, मग नियम आठवून मिटलं.

तिसरा चिंचोका. "पुढे काय होतं ते मला ऐकायचं नाही."

आणि ती चपला घालून निघून गेली.

रविवारी सकाळी काजल माझ्या ओट्यावर हजर. वही छातीशी धरलेली, डोळे सुजलेले.

"नाना, माले काय माहीत, तो तिना बाप शे!"

"तुला तो दिसला कुठे? ते सांग."

ती ओट्यावर बसली. "मी पाच वरीसनी व्हती. शहादाना बजारमा. ढोल वाजी ऱ्हायंता. आजोबास्नी माले खांदावर बसाडेल व्हतं. अन् एकदम समोर तो उना. मी इतली रडनू, इतली रडनू! मंग घरमा मी जेवाले नही म्हनं, का आजोबा म्हनेत, गुपचूप जेवी ले, नही ते घुंगऱ्या ई जाई."

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. घुंगऱ्याचं नाव घेऊन आमच्या गावात किती पोरांना जेवू घातलं असेल! माझ्या आईनेही घातलं होतं. डोंगरातली माणसं होळीच्या आनंदात नटून खाली आली, आणि आम्ही त्यांचा घरगुती बागुलबुवा करून टाकला. पाच मैलांवर बागुलबुवा नसतो, म्हणून पन्नास मैलांवरचा आणला.

"नाना, त्याले काढी टाकू ते मन्ही आख्खी गोष्टच पडी जास. राक्षस नही ते केसर डोंगरमा जाईसन करी काय? अन् एकतीस तारीख..."

"काढ असं कोणी म्हटलं तुला?"

"मंग काय करू?"

ते मी सांगितलं नाही. सांगता आलं असतं, पण मग ती गोष्ट माझी झाली असती. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, "उत्तराला शनिवारपर्यंत वेळ आहे. बघ काय सुचतं."

त्या आठवड्यात तिने बरंच काही केलं. आधी राक्षसाची पिसं काढून शिंगं लावली. ललितने वाचलं आणि म्हणाला, "आते तो आम्हना गोऱ्हासारखा दिसस." मग ती उपकेंद्रात गेली. तिथे लहान पोरांना लसी टोचायचा दिवस होता, रांग लागली होती, रडारड चालू होती. काजल रांगेतच उभी राहिली आणि तिचा नंबर आल्यावर रमिलाबाईंना म्हणाली, "बाई, सीमाला शनिवारी पाठवा ना. मी चुकले."

रमिलाबाईंना सगळं माहीत होतं. त्यांनी एका पोराच्या दंडावर कापूस दाबला आणि म्हणाल्या, "मला काय सांगतेस? तिला सांग. आणि खरं सांगू का, मी तर हसत होते. तो माणूस राक्षस? सुई बघितली की मागच्या दाराने पळतो तो."

शनिवारी सीमा आली. दाराजवळ बसली, चपला हाताशी ठेवून.

काजलने नवं अकरावं प्रकरण वाचलं. आता घुंगऱ्या राक्षस राहिला नव्हता, डोंगराचा देव झाला होता. त्याला सगळी झाडं ओळखायची. तो सावकाश, खोल आवाजात बोलायचा. केसरला पाहताच तो म्हणाला, "बालिके, मी हजार वर्षांपासून तुझीच वाट पाहतो आहे." आणि शेवटी केसरवर येणारा बाण छातीवर झेलून तो तिच्या मांडीवर मरण पावला. पिसं या वेळीही आभाळभर झाली. पोरांतल्या रोहिणीने डोळे पुसले. काजलने वही मिटली आणि आशेने दाराकडे पाहिलं.

सीमाने चिंचोका टाकला. "हा पण माझा बाप नाही."

काजलचा चेहरा पडला.

दुसरा. "माझा बाप असं कधी बोलत नाही, तो बोलतो तेव्हा अर्धं बोलणं बैलांशी असतं."

कुठेतरी खुसखुस झाली. सीमाच्याही ओठाचा कोपरा हलला.

तिसरा चिंचोका तिने थोडा वेळ बोटांत फिरवला. "आणि काजल, तू त्याला दोन्ही वेळा मारलंसच!"

खोलीत एकच हशा पिकला. पहिली हसली ती काजलच. इतकी हसली की तिला उचकी लागली. ललित पाणी आणायला धावला. नियमाप्रमाणे काजलला बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसतीच दोन्ही हात जोडून सीमाकडे बघत उचक्या देत राहिली. वाचन संपल्यावर सीमा चपला घालता घालता म्हणाली, "पुढच्या आठवड्यात होळी आहे. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मेळा असतो. येता का? पाहून लिही."

गावातल्या भिकनची क्रूझर गाडी ठरवली. रमिलाबाई, सीमा, काजल, ललित आणि मी. काजलच्या आजोबांनी आधी नाही म्हटलं, मग मीही जातोय म्हटल्यावर हो म्हटलं, मग निघताना तिच्या हातात शेवेची पिशवी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, त्या मानूसले मन्हा राम राम सांगज्यात. पोरले मीच भ्याव घालेल शे."

शहाद्यानंतर सपाटी संपते आणि रस्ता वर चढायला लागतो. मोहाच्या फुलांचा वास गाडीत येत होता. सीमा खिडकीशी बसली होती आणि जसजशी गाडी वर जात होती तसतसा तिचा आवाज मोठा होत होता. कोरीटला आठ महिन्यांत जेवढी बोलली नसेल तेवढं ती त्या दोन तासांत बोलली. हा ओढा, तो कडा, ती मामाची शेती, इथे मी पडले होते, तिथे अस्वल दिसलं होतं. ललित म्हणाला, "हाई ते आख्खं पुस्तक शे!"

मेळ्यात ढोलांनी जमीन हलत होती. बायका हातात हात गुंफून लांबच लांब रांगेत नाचत होत्या. आणि त्या सगळ्यांवर मोराच्या पिसांचे टोप झुलत होते. एक नव्हे, वीस-पंचवीस. त्यातला एक आमच्याकडे वळला आणि खुळखुळत चालत आला. काजलने माझी बाही पकडली. पंधरा वर्षांची मुलगी, पण पाच वर्षांच्या पोरीसारखी माझ्या मागे सरकली.

सीमा धावत जाऊन त्या माणसाला बिलगली नाही. हातभर अंतरावर थांबली आणि हसली. "पाळणी आहे ना," ती आम्हाला म्हणाली. "होळीच्या दिवसांत तो खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो. त्याचे नियम असतात."

हा दिवाल्या, सीमाचा बाप; गावीच राहून शेती बघतो. आम्हाला त्याने सावलीत खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर मातीत बसला. बसताना टोप आंब्याच्या फांदीत अडकला. त्याने काहीतरी पुटपुटत तो सोडवला. सीमा म्हणाली, "दरवर्षी याच फांदीत अडकतो. दरवर्षी म्हणतो, ही तोडतो. पण आंबे येतात ना तिला."

दिवाल्या पावरीत बोलत होता आणि सीमा आम्हाला मराठीत सांगत होती. त्याने काजलच्या वहीकडे बोट दाखवलं. "तो विचारतोय, पुस्तकात मी आहे म्हणे?"

काजलने मान डोलावली.

"विचारतोय, जिंकलो का?"

काजलने माझ्याकडे पाहिलं. मी आंब्याकडे पाहिलं. तिने खरं सांगितलं. "नाही काका. मी तुमचं डोकं उडवलं."

सीमाने ते पावरीत सांगितलं. दिवाल्याने वर हात नेऊन टोप चाचपला. मग असा हसायला लागला की कमरेचे भोपळे एकमेकांवर आपटायला लागले. आजूबाजूचे दोन टोप वाकून विचारायला आले, आणि ऐकून तेही हसू लागले.

"विचारतोय, कशाने उडवलं?"

"तलवारीने."

"म्हणतोय, मग टोप कापला गेला असेल, डोकं नाही. डोकं कुठे संपतं आणि टोप कुठे सुरू होतो ते तुला खालून कळलंच नसणार."

"मी वरून मारलं. म्हशीवरून. म्हैस उडते."

हे ऐकल्यावर दिवाल्याचं हसणं थांबलं. तो पुढे सरकला. म्हैस किती दूध देते, उडताना तिला गोचीड लागतात का, उतरते तेव्हा आधी पुढचे पाय टेकते की मागचे, असे त्याने इतके प्रश्न विचारले की सीमा भाषांतर करून दमली. काजलला एकाचंही उत्तर येत नव्हतं. ती वहीत प्रश्नच लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "काका, तुम्ही बसाल का तिच्यावर?"

दिवाल्याने गंभीरपणे विचार केला. "आज नाही," तो म्हणाला. "पाळणी आहे. खाट चालत नाही तर म्हैस कशी चालेल? उडणारी तर नाहीच. पाळणी संपल्यावर ये."

"संपल्यावर तरी बसेल का!" रमिलाबाई मागून म्हणाल्या. "धनुर्वाताची सुई राहिलीय त्याची. आधी ती घ्यायला सांग." दिवाल्याला ढोल अचानक फार जवळून बोलावू लागले आणि तो उठून नाचायला गेला.

गाडीत बसताना मला आठवण झाली, तेव्हा मी परत जाऊन त्याला काजलच्या आजोबांचा राम राम सांगितला, शेवेच्या पिशवीसकट. त्याने शेव तिथल्या तिथे वाटून टाकली.

परतीच्या वाटेवर काजल वहीतले प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होती. शहादा आल्यावर एकदम म्हणाली, "नाना, तो म्हैसवर बसावच नही!"

"मग?"

"मंग ढगीले पायी चालनं पडी!"

तिच्या पुस्तकाची गाठ तिथे सुटली. पुढचे पंधरा दिवस तिने शाळा सांभाळून, हाताला घट्टे पडेपर्यंत लिहिलं. नव्या प्रकरणांत घुंगऱ्या हा ना राक्षस होता ना देव. तो एक माणूस होता. होळीच्या पाळणीत होता आणि पाच दिवसांत त्याला त्याच्या गावी पोचायचं होतं. त्याचं काम केसरसाठी थांबणारं नव्हतं. डोंगरात मुकं धुकं उतरलं होतं, जे आधी आवाज गिळायचं आणि मग वाटा. त्याच्या घुंगरांचा आवाज तेवढा धुक्याला पचत नव्हता, म्हणून केसरला त्याच्या मागे चालणं भाग होतं. तो उडणार नाही, म्हणून म्हैसही उडेना. ती चालते, कुरकुरते, आणि प्रत्येक आंब्याखाली टोप अडकला की सगळी फौज थांबते. धुक्याच्या पोटात काटेरी सुयांचं एक रान लागतं. तिथे घुंगऱ्या घाबरतो. खरंच घाबरतो, पळायलाही बघतो. मग गावची होळी आठवून डोळे मिटतो आणि आत शिरतो. माझ्या मते ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

एकोणतीस मार्चच्या शनिवारी तिने ते वाचलं. सीमा या वेळी दाराजवळ बसली नव्हती. ताटलीला गुडघा टेकेल इतकी पुढे होती. अख्ख्या वाचनात तिने एकच चिंचोका टाकला.

"टोप उतरवल्यावर त्याला दोन दिवस मान हलकी वाटते आणि तो उगाच वर हात लावून बघत राहतो, तेही लिही."

काजलने ते समासात लिहिलं. मग नियम मोडून म्हणाली, "सीमा, तुन्हं नाव बी टाकू का वर? आपीन दोन्हीस्नी लिखं."

मला वाटलं, सीमा लाजून हो म्हणेल. ती म्हणाली, "नको. हे तुझं आहे. तू पाहून लिहिलंस. मी लिहीन ते माझ्या नावाने."

"तू लिखी ऱ्हायनी?" ललित ओरडला.

"आते नही दखाडाव!" सीमा म्हणाली. अजून दाखवणार नाही, हे तिने अहिराणीत म्हटलं. पहिल्यांदाच. पोरांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. तिला वाटलं हसतात, पण तसं नव्हतं.

सोमवारी एकतीस तारीख. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं रिक्षाने नंदुरबारच्या पोस्टात पोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. काजलने पाकीट काट्यावर ठेवलं आणि कारकुनाने शिक्का मारेपर्यंत त्यावरचा हात काढला नाही. "सोड बेटा," तो म्हणाला, "मी खात नाही." शिक्का पडला. निवडतील की नाही ते पुण्याला ठरणार होतं. पण पुस्तक पुरं झालं होतं, आणि ते ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्यातली एक शेजारी उभी होती.

परत येताना रिक्षात सीमा बराच वेळ काहीतरी मनात जुळवत होती. कोरीटच्या फाट्याशी तिने विचारलं, "काजल, रागावणार नसशील तर एक विचारू? माझ्या गोष्टीत एक राक्षसीण आहे. सपाटीवरची. तिला चेहरा सापडत नाही. तुझा घेऊ?"

पुढच्या सीटवरून मी मागे वळून पाहिलं.

"मन्हा?" काजल सरसावून बसली. "दात कितला?"

"चार."

"चार नही जमाव. आठ पाहिजेत."

"आठ दातांनी ती बोलेल कशी?"

"बोलाले कसाले पाहिजे? राक्षसीण शे ना ती!"

"माझी राक्षसीण खूप बोलते," सीमा म्हणाली. "तुझ्यासारखी. मी आठ महिने ऐकलंय."

"बरं. सहा," काजल म्हणाली. "पन मराव नही हं मी शेवटले!"

"ते बघू," सीमा म्हणाली, आणि रिक्षाबाहेर बघत हसायला लागली.